इतिहासाचा धडा आणि हिशेबाची वही

‘इतिहासापासून धडा घ्यावा’ हे वचन आपल्या सार्वजनिक जीवनात वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे. सभेत, विधिमंडळात, अग्रलेखात ते सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. परंतु धडा घेणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार क्वचितच होतो. शालेय पुस्तकाप्रमाणे इतिहास प्रकरणाच्या शेवटी सारांश लिहून ठेवत नाही. घटना एकच असते. तिच्यातून निघणारा बोध मात्र वाचणाऱ्याच्या हातातील मापावर ठरतो. आपल्या भूमीशी निगडित अशा एका उदाहरणावरून हे तपासून पाहू या.

1873-74 साली बिहारमध्ये दुष्काळ पडला. त्या निवारणकार्याची धुरा सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे आली. सरकारने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला, कामे काढली, अन्न पोहोचवले. आणि भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. मात्र संकट ओसरले तेव्हा सुमारे एक लाख टन धान्य शिल्लक राहिले. मग टीकेची झोड उठली. एवढा पैसा उधळायचे कारणच काय होते, असा सवाल टेंपल यांना करण्यात आला.

पुढे 1876 साली दख्खनवर आणि मद्रास इलाख्यावर दुष्काळाची छाया पडली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना काटकसर हवी होती आणि धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, असे त्यांचे मत होते. त्यांनी पाहणीसाठी याच टेंपल यांना पाठवले. 1877 च्या आरंभी टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील प्रौढ पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. कष्टाचे काम करणाऱ्या देहाला एवढे अन्न पुरणार नाही, असे मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश बजावत होते. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. धान्याची निर्यात त्या काळातही चालूच होती.

येथे थोडे थांबावयास हवे. टेंपल इतिहास विसरले होते, असे म्हणता येत नाही. इतिहास त्यांना चांगला आठवत होता. तीन वर्षांपूर्वी तो त्यांनी स्वतःच घडवला होता. त्यांनी धडाही घेतला, आणि तो असा की, मागच्या वेळी खर्च फार झाला. दोष स्मरणशक्तीत नव्हता, हिशेबाच्या वहीत होता. शिल्लक राहिलेल्या तांदळाची नोंद त्या वहीत झाली. परंतु जो माणूस मेला नाही, त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नसते. टळलेले संकट डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी झालेला खर्च तेवढा दिसतो. दूरदृष्टीचे धोरण म्हणूनच पुष्कळदा उधळपट्टी ठरते.

इतक्या मृत्यूंनंतर दुसरे माप हाती घेणे भाग पडले. 1880 च्या दुष्काळ आयोगाने नियम सुचवले आणि त्यांतून दुष्काळ संहिता तयार झाली. धडा आता कागदावर उतरला होता. तरीही 1943 साली बंगालमध्ये लाखो लोक अन्नावाचून मेले. संहिता उपलब्ध होती. पण सरकारने तिच्यानुसार दुष्काळ जाहीरच केला नाही. धडा लिहून ठेवल्याने तो आपोआप अमलात येत नाही, हेही आपण ध्यानात ठेवावे.

याच्याशेजारी 1972 चा महाराष्ट्र ठेवून पाहावा. शेते उजाड झाली होती. पण मोर्चे निघत होते, वृत्तपत्रे लिहीत होती, विरोधी पक्ष सरकारला धारेवर धरत होते. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. खडी फोडणे, पाझर तलाव खणणे ही कामे सुखाची नव्हती. सुकडीची चव अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. तथापि 1877 ची पुनरावृत्ती टळली. पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला. ज्याने सोसले त्याच्याच हाती धडा सोपवला गेला.

मात्र जुना धडा नव्या प्रसंगी जसाच्या तसा लावणेही धोक्याचे असते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तेथे प्रश्न धान्याचा नव्हता, पाण्याचा होता. अशा ठिकाणी 1972 ची आठवण आपल्याला धीर देईल. परंतु कोणते पीक घ्यावे आणि भूगर्भातून किती उपसा करावा, याचे उत्तर ती देणार नाही.

तेव्हा, वाचकहो, ‘इतिहास असे सांगतो’ म्हणून कोणी एखादे धोरण आपल्यापुढे ठेवील, तेव्हा त्या इतिहासात नुकसान म्हणून काय मोजले होते आणि कोणाचे मोजायचे राहून गेले, हे आपण विचारले पाहिजे. तेव्हाच्या आणि आताच्या परिस्थितीतील फरकही विचारला पाहिजे. हे प्रश्न विद्वानांसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. ग्रामसभेत बसणाऱ्या, मत देणाऱ्या प्रत्येकाला ते विचारता येतात. ते न विचारल्याची किंमत मात्र बहुधा तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.