खोटी डरकाळी

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मामाच्या भातात दाणा भरत होता आणि रानडुकरं रोज रात्री एखादं खाचर लोळवून जात होती. मामाचं गाव वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याशी. आमचं घर भोरला. साठीतला मामा रात्रभर माळ्यावर बसून डबा बडवतोय हे बघून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. जुना फोन, एक स्पीकर आणि दर वीस मिनिटांनी वाघाची डरकाळी. पहिल्या रात्री एकही डुक्कर फिरकलं नाही. मामा कित्येक दिवसांनी घरात झोपला.

सकाळी मामी धार काढायला बसली, तर गाईनं पान्हा चोरलेला. कुत्रा बाजेखालून बाहेर यायला तयार नाही. मामी एवढंच म्हणाली, "डुकरांना घाबरव की बाबा. यांनी काय केलंय?"

'पान्हा चोरणं' या शब्दांत गाईवर उगाच आळ आहे. तिच्या हातात काही नसतं. ती घाबरली की रक्तात ॲड्रेनलीन वाढतं आणि दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं.

हे इतकं झटपट कसं होतं? जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञानं उंदरांवर प्रयोग करून त्यामागची वाट शोधली. कानातून आलेला आवाज मेंदूतल्या थॅलॅमसपर्यंत पोचतो. तिथून एक रस्ता कॉर्टेक्सकडे जातो, जिथे आवाजाची नीट ओळख पटते. दुसरा, जवळचा रस्ता थेट अमिग्डलाकडे जातो. त्यामुळे आवाज कशाचा हे पुरतं कळायच्या आत शरीर थिजतं किंवा पळायला तयार होतं. यात चुका होतात, पण त्या परवडतात. वाऱ्याला बिबट्या समजलं तर चार श्वास वाया जातात. बिबट्याला वारा समजलं तर जीव जातो.

मी नेमकी हीच फट वापरली होती. आमच्या धंद्यात याला हॅकिंग म्हणतात.

पण गाईला खरंच भीती 'वाटते' का? सतराव्या शतकात देकार्तनं प्राण्यांना यंत्रांच्या रांगेत बसवलं. खुद्द लेडूही बजावतो की धोका टिपणारी यंत्रणा वेगळी आणि भीतीची जाणीव वेगळी. एकीवरून दुसरी गृहीत धरू नका. मला हे सोयीचं होतं. गाईच्या डोक्यात फक्त एक इंटरप्ट येऊन गेला, मग अपराध कसला?

मग मला माझी ऑन-कॉल ड्यूटी आठवली. रात्री तीनला अलर्ट वाजतो आणि कुठला सर्व्हर पडलाय हे वाचण्याआधीच माझी छाती धडधडत असते. वायरिंग तेच जुनं. पण मी ही नोकरी पत्करलीय, पगार घेतो, उद्या सोडूही शकतो. गाईला आवाज नाकारायची सोय नाही. डुकरांना पळायला डोंगर तरी होता, हिच्या गळ्यात दावं होतं.

तिला भीती वाटते की नाही, याची शंका असेलही. पण शंकेचा फायदा मला का मिळावा? इथे मेंदूचाच हिशोब लावावा. मी उगाच दया दाखवली, तर थोडी गैरसोय होईल. उगाच निर्दय झालो, तर किंमत तिनं मोजायची.

आठवड्याभरात डुकरं परत आलीच. डरकाळीमागे वाघ येत नाही, हे ती शिकली. अशा वेळी जुनी भीती पुसली जात नाही. 'या आवाजात धोका नाही' हे नवं शिक्षण तिला दाबून ठेवतं. कुत्रा मात्र ते शिकलाच नाही.

मी स्पीकर काढला आणि बांधावर सेन्सर लावला. काही शिरलं की मामाचा फोन वाजायचा, मग मामा बॅटरी घेऊन ओरडत जायचा. डुकरं तेव्हाही घाबरायचीच, पण आता आवाजामागे खरोखर माणूस यायचा.

कापणीच्या वेळी मामा म्हणाला, "भाच्या, गाय दूध द्यायला लागली. झोप तेवढी माझी गेली." मामाची ती झोप माझ्या हिशोबात कुठे मांडायची, हे मला अजून जमलेलं नाही.