उसनी वीज

शेजारणीला वाटीभर साखर दिली की वाटीभरच पोचते. विजेचं तसं नाही. जिंतूर-परभणी रस्त्यावर, बोरीजवळ, एका पाहुण्याची बॅटरी संपली. माझ्या गाडीच्या सॉकेटात त्याचा चार्जर लावला, तर तांबडा दिवा! त्याला अर्थिंग हवं. रबरी चाकांवरच्या गाडीला जमीन कुठली? (आमची बँक तरी सातबाऱ्याशिवाय कुठं हलते!) न्यूट्रल-अर्थ जोडलेला प्लग मिळाला, अँपिअर उतरवले, तेव्हा कुठं गाडं हललं. पण माझे तीन युनिट गेले, त्याला पोचले अडीचच्या आसपास, बाकीची ऊब.

‘‘किती द्यायचे, साहेब?’’

तिनाचे घ्यावेत, तर न मिळालेलंही त्यानंच फेडायचं. अडिचाचे घ्यावेत, तर उपकारावर व्याज मीच भरायचं. सोनार खुशाल घट गिऱ्हाइकाच्या माथी मारतो, बी.कॉम.ला तेवढं शिकवत नाहीत.

चहावर मिटवलं. चहा फक्कड होता. तो अर्धा युनिट मात्र अजून डोक्यात तापतो.