तळीरामाचे उत्तरदायित्व

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) तळीरामाला खलपुरुष ठरवणे सोयीचे आहे. सनद स्थगित झाल्याने अपमानाने पोळलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला तोच देतो. परंतु सारा दोष त्याच्या माथी मारला, की सुधाकराचे स्वातंत्र्यच नाकारले जाते. शोकात्मिकेऐवजी उरते केवळ मद्यनिषेधाचे प्रवचन. वस्तुतः तळीरामाचा विनोद निर्लज्ज असला तरी निर्दंभ आहे. सुधाकराचा अहंकार मात्र स्वाभिमानाचे वस्त्र पांघरून येतो. एवढ्याने तळीराम निर्दोष ठरत नाही. स्वतः बुडताना दुसऱ्याला ओढणे हा अपराधच होय. पण प्याला पुढे करणे आणि तो ओठांना लावणे या दोन भिन्न नैतिक कृती आहेत. पहिलीने मोह उभा राहतो. सिंधूचा संसार मोडतो तो दुसरीने.