न विचारलेले अंतर

गोल्फ हा माझा खेळ नव्हे. आमच्या घराण्यात तो कोणाचाच नव्हता. पण नोकरीतून निवृत्त झालेला एक जुना मित्र पुण्यात आठवड्यातून दोनदा गोल्फ खेळतो आणि कधीमधी मला सोबतीला नेतो. मी त्याच्या मागून चालतो, एवढाच माझा सहभाग. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी जे घडले ते तसे अगदी किरकोळ होते. तरी त्यातला प्रश्न मनातून जात नाही.

मित्राने नवे यंत्र घेतले होते. मुठीत मावणारे, छोट्या दुर्बिणीसारखे. त्यातून निशाणाच्या काठीकडे पाहायचे आणि बटण दाबायचे. लेसरचा किरण जाऊन आपटतो, परततो, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर आकड्यात उमटते. दीडशे यार्डांची ही खेप प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो. मित्राला आकडा मिळाला १७८. त्याने लांब पल्ल्याचा क्लब मागितला. त्याचा कॅडी, म्हणजे पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती, साठीकडे झुकलेला आहे. सगळे त्याला मामा म्हणतात. मामांनी क्षणभर मित्राकडे पाहिले आणि क्लब काढून दिला. फटका सुरेख बसला. चेंडू निशाणावरून थेट मागच्या झाडीत गेला.

खरे अंतर १५४ होते. बारीक काठी चुकवून किरण तिच्या मागच्या झाडावर आपटला होता. यंत्र खोटे बोलले नव्हते. ज्याला किरण लागला त्याचे अंतर त्याने चोख सांगितले होते.

"मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"होय साहेब."

"मग बोलला का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

मित्र दिवसभर धुसफुसत होता. ज्याचे पैसे घेतो त्याचे नुकसान उघड्या डोळ्यांनी होऊ द्यायचे, ही बेइमानी नव्हे का? त्या वेळी मलाही तसेच वाटले. आता तितकी खात्री वाटत नाही.

आपण 'अंदाज' म्हणतो तो शब्द फारसीतला. फेकणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. तिरंदाज आणि गोलंदाज त्याच कुळातले. म्हणजे अंदाज ही नुसती डोक्यातली बेरीज नाही, हातातून काहीतरी सुटण्याआधीची ती तयारी आहे. डोळा फसतो हे ती तयारी करणाऱ्याला ठाऊक असते. मध्ये खोलगट जमीन असली आणि ती नजरेआड राहिली, की पलीकडची वस्तू आहे त्याहून जवळ भासते. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा मुळात डॉक्टर. बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेला आणि बोअर लोक खंदक कसे लपवतात ते पाहून आला. पुढे त्याने गोल्फची मैदाने आखली, तेव्हा डोळ्याला चकवण्याची ती विद्या वाळूच्या खड्ड्यांत आणि उंचवट्यांत उतरवली. अमेरिकेतले ऑगस्टा नॅशनल त्याने बॉबी जोन्सबरोबर आखले. मॅकेन्झीने घातलेले अंतराचे कोडे आता बटणाने सुटते.

म्हणून यंत्राला नाक मुरडणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. मोजणी काही लेसरने सुरू झाली नाही. जॅक निक्लॉसने १९६१ साली पेबल बीचवर डीन बेमनच्या सांगण्यावरून पावलांनी अंतरे मोजून टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे ती वहीच व्यावसायिकांची गीता झाली. पावलाने मोजले तर कसब आणि किरणाने मोजले तर लबाडी, हा भेद माझ्या गळी उतरत नाही. ज्याची नजर अधू झाली त्याला तर यंत्र मोठाच आधार आहे.

नियम करणाऱ्यांनीही दार हळूहळूच उघडले. २००६ पासून स्थानिक समितीने परवानगी दिली तर यंत्र चाले. २०१९ पासून समितीने मनाई केली नसेल तर ते चालते. २०२१ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे एका मोठ्या स्पर्धेत, ते प्रथमच चालले. त्या वर्षी ती स्पर्धा फिल मिकलसनने जिंकली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. मात्र नियम अंतरापाशी थांबतो. चढ-उतार हिशेबात धरून 'एवढ्याचा फटका मार' असे सांगणारी सोय स्पर्धेत वापरता येत नाही. ती यंत्रात असते, फक्त बंद ठेवायची. ती खरोखर बंद आहे की नाही हे डोळ्याला लावणाऱ्यालाच नक्की ठाऊक. म्हणजे इतके शास्त्र ओतून आपण पुन्हा माणसाच्या इमानापाशीच आलो. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये गवतात चेंडू हलल्याचे बॉबी जोन्सखेरीज कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःवर एक फटका दंड लावून घेतला आणि शेवटी बरोबरी होऊन फेरलढतीत तो हरला. तिथेही साक्षीदार एकटा तोच होता.

पण मामांचा प्रश्न याने सुटत नाही. त्यांच्याकडे असलेले ज्ञान आकड्याचे नव्हतेच. सकाळच्या दवात चेंडू किती पळतो, मित्राचा खांदा कोणत्या दिवशी आखडलेला असतो, हे त्यांना ठाऊक होते. ही शिदोरी लहान नव्हे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली. दुसऱ्याच्या फटक्यांमागे चालता चालताच तो खेळ त्याच्या अंगात मुरला होता.

पूर्वी मित्र विचारी, "मामा, किती?" मामा सांगत. फटका चुकला तर दोघे मिळून चुकत. दोघेही कपाळाला हात लावत. यंत्र आले आणि ते विचारणे बंद झाले. खिशातून यंत्र काढताना मित्राने मामांकडे साधे पाहिलेही नव्हते. ज्याला आपण विचारायचे सोडले, त्याने आपणहून सांगावे, हा हक्क आपल्याला कुठून मिळतो? आणि तरीही, समोर चूक होताना गप्प बसणे मामांना शोभले नाही, असेही मला वाटते. दोन्ही वाटते.

परतताना मित्र पुढे गेला होता. मी मामांच्या बरोबरीने चालत होतो. यंत्राचा त्यांना राग असणार, असे मी धरून चाललो होतो.

"डोळे गेले आता, भाऊ," ते म्हणाले. "लांबचं धुरकट दिसतं. आज झाड ओळखलं ते सवयीनं. एखादं असतं तर बरं झालं असतं. केवढ्याला मिळतं ते?"

मित्राने किंमत मला सकाळीच सांगितली होती. मामांच्या किती महिन्यांच्या कमाईइतकी ती होईल, याचा हिशेब माझ्या मनात झालेला होता.

"मला नाही माहीत," मी म्हणालो.