नंबर येईपर्यंत

धीराचा माणूस कोणाला म्हणावे, असा प्रश्न वर्गात टाकला की मुले तानाजी, बाजीप्रभू अशी नावे धडाधड सांगतात. त्यांचे काही चुकत नाही. परंतु हाती तलवार असलेल्या वीराला एक मोठी सोय असते. त्याला काहीतरी करता येते. खरी पंचाईत होते ती ज्याला नुसते बसून राहावयाचे असते त्याची. डॉक्टरांनी साडेपाचची वेळ दिली आहे, आपण पाचलाच येऊन बसलो आहोत, साडेसहा वाजून गेले आहेत, आणि आतले दार अजून दुसऱ्याच्याच नावाने उघडते आहे. अशा वेळी बाकावरच्या गृहस्थाने धीर आणावा कोठून?

या बाकावर भल्याभल्यांचा तोरा उतरतो. ज्यांच्या आवाजाने सारी कचेरी चळचळा कापते, ते साहेब येथे गुडघ्यावर बोटे वाजवीत बसतात. वर्षभर वर्गाला दरडावणारा माझ्यासारखा मास्तर दाढ दाखवायला गेला, की हातातल्या टोकनाचा आकडा दहादा वाचतो. जणू वाचल्याने तो कमीच होणार आहे! घशाला कोरड, तळहात गार, पोटात कालवाकालव. ही लक्षणे पेठ पाहत नाहीत की पगार पाहत नाहीत.

यात शरीराचा काही अपराध नाही. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नीट उलगडून दाखवले आहे. संकटाची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडू लागते, पचनाचे काम थांबते. लढा किंवा पळा, यासाठी सारी फौज सज्ज होते. दवाखान्यात मात्र लढावयाचे नसते आणि पळताही येत नाही. फौज तशीच उभी राहते आणि आपल्यालाच तुडवू लागते.

त्यातून ‘कदाचित’ हा शब्द फार छळतो. २०१६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ४५ माणसांवर एक प्रयोग केला. पडद्यावरच्या दगडाखाली साप निघाला, की हाताला विजेचा झटका बसे. झटका बसणारच हे ठाऊक असताना माणसे जेवढी अस्वस्थ झाली, त्याहून अधिक अस्वस्थ ती बसेल-न-बसेल अशा अवस्थेत झाली. ‘एकदाचे काय ते होऊन जाऊ दे,’ असे घरोघरच्या आजीबाई म्हणत आल्या, त्या काही उगाच नव्हे.

उपाय पुष्कळ आहेत. सावकाश श्वास सोडावा, नाम घ्यावे, कोपऱ्यातले जुने मासिक चाळावे. हे सारे करावे. त्याने बरे वाटते. पण मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. हात थरथरला म्हणजे माणूस धीराचा नव्हे काय?

या प्रश्नाशी मी आलो, की मला आपल्या पुण्याच्या ससून रुग्णालयातील १२ जानेवारी १९२४ ची रात्र आठवते. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना तेथे आणले होते. अ‍ॅपेंडिक्सचा विकार विकोपाला गेला होता. मुंबईच्या आपल्या डॉक्टरांची वाट पाहण्याइतका अवधी उरला नव्हता. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, म्हणजे इंग्रज सरकारचा डॉक्टर. कैद्याचे काही बरेवाईट झाले असते, तर देशाने ठपका कोणावर ठेवला असता हे सांगावयास नको. भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री त्या वेळी जवळ होते. डॉक्टरांवर आपला पूर्ण विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, अशा निवेदनावर गांधीजींनी पेन्सिलीने सही केली. सही करताना हात थरथरला. तेव्हा ते मॅडॉकना म्हणाले, पाहा कसा कापतो आहे हा. हे आता तुम्हीच ठीक केले पाहिजे. पुढे शस्त्रक्रिया चालू असता वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले.

तो कंप आजाराने आलेल्या अशक्तपणाचा असेल. पण मानी माणूस तोही लपवतो. येथे तो लपवला नाही आणि त्यासाठी सहीही अडली नाही. शिवाय ती सही होती ती दुसऱ्याला सांभाळण्यासाठी! सुरीखाली जाणारा माणूस सुरी धरणाऱ्याच्या अब्रूची तजवीज करीत होता. ‘ते महात्मे, आपण संसारी माणसे,’ असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण हात त्यांचाही थरथरलाच की! तेवढ्यापुरते ते आपल्याच बाकावर बसले होते.

भीती मनाला आखडून टाकते. जगात आपली दाढ आणि आपला नंबर एवढेच उरते. त्या वेळी दुसऱ्या कोणाची थोडी काळजी वाहिली, की भीती जात नाही, पण तिच्या शेजारी बसावयास जागा होते. माझ्या मते धीर म्हणतात तो एवढाच.

चार महिन्यांनी हा अंक, मुखपृष्ठ गळून, एखाद्या दवाखान्याच्या टेबलावर पडलेला असेल. तेथे तो तुमच्या हाती आलाच, तर हा लेख पुरा वाचण्याचा आग्रह नाही. शेजारच्या आजोबांना चष्म्यावाचून टोकनाचा आकडा दिसत नसेल, तो आधी वाचून दाखवा.