दारं धरायची वेळ

पुण्याहून दौंडला जाणाऱ्या शटलने या. यवत गेलं की उतरायच्या तयारीत राहा. केडगावच्या अलीकडचं लहानसं स्टेशन म्हणजे खुटबाव. एक्स्प्रेस गाड्या इथून धाडधाड निघून जातात, त्यामुळे दोन गाड्यांच्या मधे इथे भरपूर शांतता असते. दिवस मावळायची वेळ धरा. रिकामं बाक बघून बसा. पिशवी पायाशी ठेवा. फोन खिशात राहू द्या.

थोडा वेळ काहीच करू नका. श्वास कसा चाललाय तेवढं बघा. तो लांबवू नका, सावरू नका. तुम्ही लक्ष दिलं नव्हतं तेव्हाही तो चाललाच होता.

मी नास्तिक आहे. ते आधीच सांगते, म्हणजे माझ्या शेजारी बसताना तुम्हाला चुकल्यासारखं होणार नाही. तुम्ही देव मानत असाल तर मानत बसा. आज कुणाला पटवायचं नाही. काही प्रश्न आपण घाईत सोडवून टाकतो किंवा घाईत टाळतो, त्यांच्याजवळ अंधार पडेपर्यंत बसायचं आहे.

गावाच्या बाजूने टाळांचा आवाज येत असेल, तर येऊ द्या. हरिपाठाची वेळ आहे. त्या आवाजाने आत काय होतं ते बघा. बरं वाटतं, कंटाळा येतो, कुणाची आठवण येते, काहीच होत नाही? जे होईल त्याला नाव देऊ नका. एक गोष्ट मात्र आठवा: तुमचे हात पहिल्यांदा कुणी जोडले? आपण लहान असताना मागून कुणीतरी आपले दोन्ही तळवे धरले, एकमेकांवर ठेवले आणि म्हणालं, ‘बाप्पाला नमस्कार कर.’ ते हात आठवा. त्यांची ऊब, त्यांचा खरखरीतपणा.

माझे हात आजीने जोडले. पुढे माझा विश्वास गेला. भांडण झालं नाही, धक्का बसला नाही. वह्यांच्या जुन्या कव्हरासारखा तो हळूहळू निघून आला. आजीच्या शेवटच्या आजारपणात तिला दिसेनासं झालं होतं, तेव्हा मी रोज तिच्या उशाशी बसून तिची पोथी वाचली. त्यातल्या एकाही चमत्कारावर माझा विश्वास नव्हता. तिला ऐकायचं होतं, मला वाचता येत होतं. त्या महिन्यांत मला एकदाही खोटं वागल्यासारखं वाटलं नाही. का वाटलं नाही, याचा विचार मी अजून करते आहे.

आता पूर्वेकडे, रूळ जातात तिकडे बघा. पुढचं स्टेशन केडगाव. तिथे नारायण महाराजांचं बेट आहे, दत्ताचं मंदिर आहे, आणि त्याच केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत दक्षिणेत हिंडलं. उपास केले, दानं दिली, हातचं होतं नव्हतं ते संपलं, आणि देव मदतीला येईल म्हणून वाट पाहिली. दुष्काळ आला. १८७४ मध्ये वडील गेले, आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही गेली. मागे रमा आणि तिचा भाऊ राहिले. ज्या देवांसाठी उपाशी राहिलो त्यांच्यावरची या दोघांची श्रद्धा उडाली. इथे जरा थांबा. पुढचं लगेच सांगत नाही. सोळा वर्षांची मुलगी, पायाखाली परका मुलूख, आणि वर रिकामं आभाळ.

त्या रिकाम्या आभाळाखाली रमाबाई कायमच्या राहिल्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पुढच्या एका मोठ्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बाया शोधून घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना वसवलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं.

त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे गोपाळ गणेश आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. दारिद्र्य त्यांनीही भोगलं, दम्याने आयुष्यभर छळलं. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, ती त्यांनी पाहिली. १८९५ मध्ये चाळिशीच्या आत ते गेले. देवाचा आधार त्यांनी कुठल्याच वळणावर मागितला नाही.

एकाच काळातली दोन माणसं, दोघांनाही दुःखाने चांगलंच तासलं. एकाला त्यातून देव सापडला, दुसऱ्याला त्याची गरज भासली नाही. मला आगरकर जवळचे वाटतात. पण केडगावच्या माळावर आणलेल्या त्या मुलींच्या ताटात पडलेली भाकरी बघितली की माझं जवळचं-लांबचं हे माप तोकडं पडतं. तुमचं माप कोणतं आहे, ते आत्ता स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तरी प्रश्न तसाच मांडीवर असू द्या.

अंधार दाटतो आहे. समोरचा ऊस आता वेगवेगळा दिसत नाही, एक काळी भिंत झाली आहे. तिच्याकडे बघत राहा.

त्या भिंतीत बिबट्या असू शकतो. शिरूर, दौंड, जुन्नर या तालुक्यांत ही कथा-कादंबरीतली गोष्ट राहिलेली नाही. वर्षभर उभा असणारा दाट ऊस, पाटाचं पाणी, कुत्री-शेळ्यांची शिकार. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला जंगलाची गरज उरलेली नाही. तोड सुरू झाली की उसाच्या सरीत पिल्लं सापडतात. आणि माणसं मारली जातात. बहुतेकदा मूल, किंवा खाली बसून काम करणारी बाई.

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला नाव देऊ नका. त्याच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या आठवड्यात ती रात्रीची आहे. म्हणून तो जेवून, बॅटरी घेऊन, मोटर चालू करून दारं धरायला निघतो. एक सरी भरली की तिचं दार मातीने बंद करायचं, पुढच्या सरीचं फोडायचं. वाकून, खोऱ्याने. उसाच्या आत. अंधारात.

समजा तो परत आला नाही. सकाळी अंगणात माणसं जमतात. कुणीतरी म्हणतं, ‘नशिबात होतं.’

हा शब्द कानात घोळवा. तो कोण उच्चारतं आहे ते बघा. त्या माणसाची आई म्हणत असेल, तर तुम्ही गप्प राहा. तिच्या जागी तो शब्द काठीसारखा आहे. तिला उठून घरात जायचं आहे, चूल पेटवायची आहे. तिच्या हातातून ती काठी काढून घेणारा नास्तिक मला नको आहे. पण तोच शब्द टेबलापलीकडच्या खुर्चीतून आला तर? तिथे तो फाइल बंद करायला वापरला जातो. रात्रीच लाइट का? पिंजरा मागितला होता तो का आला नाही? घर उसाला इतकं चिकटून का, शौचाला बाहेर का जावं लागतं? या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, आणि त्यातलं एकही ग्रहांत नाही. विजेचं वेळापत्रक माणसाने लिहिलेलं आहे. ते माणसाला बदलता येतं. माझं नास्तिक असणं आभाळापेक्षा या वेळापत्रकाशी जास्त बांधलेलं आहे.

नशिबाची परीक्षा पुण्यात एकदा रीतसर घेतली गेली होती. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे यांनी ती केली; निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं, अशा दोनशे कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी १७.२५ बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तर वीसच्या आसपास आली असती.

मी या आकड्याकडे जिंकल्यासारखं बघत नाही. त्या दोनशे कुंडल्यांमागे दोनशे घरं होती. त्यातल्या शंभर घरांतल्या प्रत्येक आईने कधीतरी विचारलं असेल, माझ्याच पदरी का? कुंडलीत त्याचं उत्तर नव्हतं. म्हणजे निदान तिने गेल्या जन्मी काही पाप केलं होतं, हे ओझं तरी तिचं नव्हतं. ते ओझं तिच्या खांद्यावरून उतरताना मनात बघा. आणि हेही आठवा, की हे प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकाला, दाभोलकरांना, २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर फिरायला गेले असताना गोळ्या घालण्यात आल्या. देव मानू नका असं ते कुणाला सांगत नव्हते. तपासून बघा, एवढंच सांगत होते.

श्वासाकडे या. अजून चालला आहे.

वारा फिरला की गोड, धुरकट वास येईल. कुठेतरी गुऱ्हाळ चालू आहे. डोळे मिटा आणि मनाने तिथे जाऊन उभे राहा. चुलवाणात चिपाडं जळतायत. काहिलीत रस उकळतोय, मळी वर येते ती झाऱ्याने काढतायत. भेंडीचा चिकट रस पडला की मळी आणखी सुटते. हिरवट रस पिवळा होतो, मग तांबूस. बुडबुडे जड होतात. गुळव्या काठीच्या टोकाने थोडा पाक गार पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी करून बघतो. अजून नाही. अजून नाही. मग एकदम: ‘उतरवा!’

अजून नाही आणि उतरवा, यांच्या मधे नेमकं काय घडलं?

आपले चार्वाक याच प्रश्नापाशी उभे होते. पृथ्वी, पाणी, तेज, वायू यांच्या मिश्रणातून चैतन्य उपजतं, जशी आंबवलेल्या धान्यातून नशा उपजते, असं ते म्हणत. सुट्या दाण्यात नशा नसते. त्यांचे ग्रंथ हरवले. ते काय म्हणत, हे आपल्याला बहुतांशी त्यांना खोडून काढणाऱ्यांच्या पुस्तकांतून कळतं. मला त्यांचं म्हणणं मुळात बरोबर वाटतं. भूल दिली की ‘मी’ विझतो, औषध उतरलं की परत येतो. आत्मा वेगळा असता तर एका सुईने तो इतका मुकाट कसा गेला असता?

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं. गुळाची ढेप घट्ट होते, रवाळ होते, सोनेरी होते. आपण ढेप झालो आहोत हे ढेपेला कळत नाही. तुम्हाला कळतंय. आत्ता, या बाकावर, गुळाचा वास कुणाला तरी येतोय. मेंदूत कुठे काय हललं हे शास्त्रज्ञ दाखवू शकतात, पण त्या हलण्याला आतून वास का येतो, हे अजून कुणी उलगडलेलं नाही. मी त्या जागी देव ठेवत नाही. ‘त्यात काय विशेष’ असंही म्हणत नाही. ती जागा मी मोकळी ठेवते आणि तिच्याकडे बघते. तुम्हीही बघा. बघणारा कोण आहे, हे बघायचा प्रयत्न करा. थोडं गरगरल्यासारखं होईल. होऊ द्या. हे मला माझ्या आयुष्यात घडलेलं सगळ्यात नवलाचं वाटतं: रसरक्ताचं हे गाठोडं, आणि त्याला खुटबावची रात्र दिसते.

आता तसेच मनाने मागे यवतला या. आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला येते. गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. काहिलीएवढी भांडी, रात्रभर थापणारे हात. त्या हातांत एखादा हात माझ्यासारखीचाही असेल, असं मला नेहमी वाटतं. पंगतीत बसलेल्याला त्या भाकरीत फरक कळत नसणार.

डोळे उघडा. आता पूर्ण काळोख आहे. एक एक्स्प्रेस न थांबता जाईल, खिडक्यांची पिवळी माळ डोळ्यांवरून सरकेल, फलाट हलेल. मग पुन्हा शांत. रातकिडे.

उसाच्या कडेने एक बॅटरी हलताना दिसेल. लाइट आली असावी. कुणीतरी दारं धरायला निघालं आहे. रात्री एकटं जाताना बोलत जावं, मोबाइलवर गाणी लावावीत, म्हणजे बिबट्या बाजूला होतो, असं वनखात्याची माणसं गावोगाव सांगतात. त्याच्या खिशातला फोन वाजतो आहे. कान द्या. अभंग लावलाय त्याने, मोठ्या आवाजात.

उजेड उसात शिरतो. आवाज थोडा बुजतो, पण येतो आहे. तो ऐकू येतो आहे तोवर बसा.