तीच ती होडी

साठी उलटल्यावर माणसानं काय करावं, याबद्दल आपल्याकडे पुष्कळांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे. कुणी नामस्मरण सांगतो, कुणी रोज पर्वती चढायला सांगतो, कुणी रात्री भिजवलेले मेथीचे दाणे सकाळी चावून खायला सांगतो. जुनी होडी दुरुस्त करा, असं मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं. तो अपराध सर्वस्वी माझा. त्यातून मी जन्मानं आणि संस्कारानं पुणेकर. पाण्याशी माझा संबंध "नळाला आलं का?" एवढ्या चौकशीपुरता. पोहायला येतं, पण ते विहिरीतलं. म्हणजे बुडायचं नाही एवढंच.

झालं असं, की आमच्या गल्लीत अण्णांचा बंगला होता. त्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली कितीतरी वर्षं काहीतरी उपडं पडलेलं होतं. गल्लीतल्या लहान मुलांची समजूत, तो मेलेला देवमासा आहे. मोठ्यांची समजूत, अण्णांनी कुणाची तरी गाडी जप्त करून ठेवली आहे. अण्णांचा स्वभाव पाहता दुसरी समजूत जास्त पटण्यासारखी होती. प्रत्यक्षात ती निघाली शिडाची होडी. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज आरेखकानं १९५० नंतरच्या दशकात काढलेल्या 'एंटरप्राइज' जातीची. लांबी १३ फूट ३ इंच, अंग मरीन प्लायवुडचं, शिडं दोन आणि दोन्ही निळी. निळी शिडं ही या जातीची जुनी ओळख. अण्णांनी ती १९६८ साली बांधून घेतली होती. दोन माणसांची होडी. अण्णा मागे सुकाणूवर बसत आणि काकू पुढच्या छोट्या शिडाची दोरी धरत. होडीच्या मागच्या फळीवर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं, 'सुमन'. हे काकूंचंच नाव. काकू गेल्या त्याला बारा वर्षं झाली.

मग बंगला पुनर्विकासाला गेला. नव्या इमारतीत अण्णांना फ्लॅट मिळणार होता, गाडीला जागा मिळणार होती, होडीला मिळणार नव्हती. एके संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"होडी घेऊन जा. पैसे नकोत. पण एक अट आहे."

"बोला अण्णा."

"होडी तीच राहिली पाहिजे. नवी हवी असेल तर बाजारात मिळते."

"अण्णा, अगदी तीच राहील. शब्द देतो!" मी म्हणालो. शब्द द्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून माणूस तो किती सढळ हातानं देतो! हाच मी रिक्षावाल्याला वरचा एक रुपया देताना तीनदा विचार करतो.

ओळखीच्या एका निवृत्त मेजरसाहेबांनी खडकवासल्याच्या काठाजवळ एक पत्र्याची शेड मिळवून दिली आणि परवानगीचे सगळे सोपस्कारही त्यांनीच पार पाडले. मिस्त्री मिळाले ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचे वडील होड्या बांधायचे. हे स्वयंपाकघरातली कपाटं बांधतात. होडी पाहताच त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखा भाव आला. त्यांनी बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं, आणि कान देऊन ऐकलं. मग एका जागी स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो शिऱ्यात चमचा जावा तसा आत गेला.

"साहेब, तीन फळ्या गेल्यात."

"पण अण्णांनी ताडपत्रीखाली जपून ठेवली होती!"

"म्हणून तर गेल्या. समुद्राच्या पाण्यात असती तर टिकली असती."

तेव्हा मला कळलं, की लाकडाला खाऱ्या पाण्याचं तितकं भय नाही जितकं पावसाच्या गोड्या पाण्याचं. मीठ बुरशीला आवरून धरतं. लोणच्यात आवरतं तसंच. होडी तळ्यात बुडून मरत नाही, ती पोर्चमध्ये ओल धरून मरते. पेन्शनरांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

तीन फळ्या बदलल्या. मग चौथी निघाली. "तीनच म्हणाला होतात ना?" "चौथी तिसरीला धरून होती, साहेब." पुढे पाचवी चौथीला धरून होती, असं करत करत ती सगळी होडी एकमेकींना धरून उभी होती असं निष्पन्न झालं. आतल्या फासळ्यांचा सरस सुटला होता. इपॉक्सी कालवायची, शिकंजे आवळायचे, दुसऱ्या दिवशी सोडायचे, पॉलिश पेपर मारायचा, यात आठ महिने गेले. शिडं उंदरांनी आधीच निकालात काढली होती. ती नवी शिवून घेतली. शेवटी नावाची फळीसुद्धा आतून भुसभुशीत निघाली. मिस्त्रींनी बटर पेपर लावून अक्षरं छापून घेतली आणि नव्या फळीवर तशीच्या तशी रंगवली. आठ महिन्यांनी हिशेब केला तेव्हा मूळ होडीचा सुकाणूचा दांडा आणि दोन पितळी कड्या एवढाच ऐवज शिल्लक होता.

"आता ही तीच होडी का हो?" मी मेजरसाहेबांना विचारलं.

मेजरसाहेब वाचन असलेला माणूस. ते म्हणाले, हा प्रश्न फार जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियस या आपल्या वीराचं तीस वल्ह्यांचं जहाज पिढ्यान्‌पिढ्या जपलं, असं प्लूटार्क सांगतो. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. तेव्हापासून तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. एक म्हणे जहाज तेच, दुसरा म्हणे छे! सतराव्या शतकात टॉमस हॉब्जनं त्यात आणखी तेल ओतलं. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा केल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर दोहोंपैकी खरं कुठलं? आणि आपल्याकडे नागसेन भिक्षूंनी मिलिंद राजाला हेच विचारलं होतं. राजा, तू रथातून आलास म्हणतोस. मग रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यांपैकी एकही रथ नाही. सगळं मिळून जे जुळतं त्याला व्यवहारात रथ म्हणायचं, झालं.

"लांब कशाला जाता?" मेजरसाहेब समोर हात करून म्हणाले, "हे तळंच घ्या. हे धरण एकोणिसाव्या शतकातलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात हेही फुटलं. पुन्हा बांधलं. आतलं पाणी तर दर पावसाळ्यात नवं. तरी आपण म्हणतोच ना, तेच आपलं खडकवासला?"

त्या रात्री मी स्वतःचा विचार केला. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात. वरची कातडी महिन्याभरात नवी येते. जन्मभर न बदलणाऱ्या गोष्टी थोड्या. त्यांत डोळ्याच्या भिंगाचा गाभा आणि दातांवरचं कडक कवच यांचा मान मोठा. माझं भिंग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गेलं आणि दातांच्या जागी कवळी आली. म्हणजे निसर्गानं जे कायमचं म्हणून दिलं होतं, नेमकं तेच मी बदलून बसलो होतो! घाबरून हिला विचारलं, "मी तोच आहे का गं?"

"तेच आहात. अंघोळीचा ओला टॉवेल अजून पलंगावरच टाकता."

तत्त्वज्ञानात याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण पुरावा बिनतोड होता.

पण माझी अडचण वेगळीच होती. अथेन्सवाल्यांचं एक बरं होतं. त्यांचा थीसियस मरून गेला होता, "माझं जहाज कुठाय?" असं विचारायला तो येणार नव्हता. माझा थीसियस दोन बसस्टॉप पलीकडे भाड्याच्या घरात राहत होता आणि दर रविवारी फोन करत होता.

"काय रे, कुठवर आलं?"

"चाललंय अण्णा. थोडी डागडुजी."

पुढच्या रविवारी, "एक फळी बदलावी लागली बघा." तेही खरं. त्याच्या पुढच्या रविवारी, "एक फासळी जरा सुटली होती." तेही खरंच. एकेक वाक्य कोर्टात टिकलं असतं. बेरीज मात्र साफ खोटी. आणि मग एकदा रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की मिस्त्रींनी होडीचं जे केलं तेच मी दिलेल्या शब्दाचं केलं होतं. एकेक फळी हळूच काढायची, तिथं सोयीची दुसरी बसवायची, वरून रंग. बाहेरून पाहावं तर तोच शब्द! फरक एवढाच, की मिस्त्री सांगून बदलत होते.

शेवटी अण्णा होडी बघायला आले. वय ब्याऐंशी. लेक गाडीतून घेऊन आली आणि "बाबा, फक्त बघायचं, बसायचं नाही" असं वाटेत बजावून आली. अण्णा शेडच्या बाहेरच्या बाकावर टेकले. समोर पाण्यावर निळ्या शिडांची होडी डुलत होती, पलीकडे सिंहगड. ते बराच वेळ बघत राहिले.

"तीच आहे ना रे?" त्यांनी विचारलं.

तोंडात "हो" तयार होतं. म्हातारा माणूस, बायको गेलेली, घर पडलेलं. खरं सांगून कुणाचं भलं होणार होतं? पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. फळ्या, फासळ्या, शिडं, नावाची फळीसुद्धा. "दांडा आणि दोन कड्या, अण्णा. बाकी काही राहिलं नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. दूर रस्त्याकडेच्या भजीच्या गाडीवर कढईत घाणा पडल्याचा आवाज ऐकू येत होता, इतकी शांतता.

"तळ मीही बदलला होता," थोड्या वेळानं ते म्हणाले, "एकोणऐंशी साली. चौऱ्याऐंशीला डोलकाठी बदलली. लाकडाची काढून ॲल्युमिनियमची बसवली. तेव्हा सुमन आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. म्हणे, ही माझी होडीच नव्हे. नवव्या दिवशी आपण होऊन येऊन बसली."

"मग मला अट कशाला घातलीत?"

"घर चाललं होतं रे. काहीतरी एक तेच राहावं असं वाटलं." मग ते जरा हसले. "आणि ते फोनवरचं मला कळत होतं. आठ महिने कुणी डागडुजी करत नाही. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो. न सांगता तशीच हातात दिली असतीस, तर मात्र ती माझी होडी राहिली नसती."

मी मान खाली घातली.

"बरं, जुन्या फळ्यांचं काय केलंत?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. "त्यातल्या चांगल्या चांगल्या तुकड्यांचा बाक केलाय. तुम्ही बसलाय तोच."

अण्णांनी बाकाच्या खालच्या बाजूनं हात फिरवला. बोटांना जुन्या स्क्रूंची भोकं लागली असावीत. हॉब्ज तिथं असता तर त्याची पंचाईतच झाली असती. थीसियस एका जहाजावर बसून दुसऱ्याकडे बघत होता, आणि दोहोंतलं खरं कुठलं हे त्याला विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

"बाक चांगला आहे," अण्णा म्हणाले. "पण वाऱ्यावर जाते ती होडी. चल!"

लेकीनं जे काय म्हटलं ते इथं देत नाही. जीवरक्षक जाकीट चढवून, मेजरसाहेबांची मोटारबोट शेजारी ठेवून, त्यांना सुकाणूवर बसवलं. मी पुढच्या शिडाची दोरी घेतली. वारा पश्चिमेचा, बेताचा. शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, मग वळायचं, मग दुसऱ्या बाजूनं तिरकं. असं नागमोडी करत पुढे सरकायचं. प्रत्येक वळणाला पुढच्या माणसानं एका बाजूची दोरी सोडायची आणि दुसऱ्या बाजूची ओढायची. वेळ चुकली की होडी मध्येच अडून बसते. अण्णांची पाठ ताठ झाली, डोळे शिडावर लागले आणि जुन्या दांड्यावर हात असा बसला, जणू तो कधी उचललाच नव्हता. काठ जवळ आला तशी त्यांनी होडी वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"सुमन, सोड!"

मी सोडली. दुसऱ्या बाजूची ओढली. निळं शीड फडफडलं, भरलं आणि होडी पलीकडे निघाली. आपण काय बोललो हे अण्णांच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

काठावर उतरल्यावर ते म्हणाले, "एक यादी कर. काय काय बदललं आणि कधी, सगळं लिही. माझं एकोणऐंशीचं आणि चौऱ्याऐंशीचंसुद्धा. होडीतच ठेव. तुझ्यानंतर जो घेईल त्यालाही कळू दे."

रात्री वही घेऊन बसलो. तळ, डोलकाठी, फळ्या, फासळ्या, शिडं, नावाची फळी, सगळं तारखेवार उतरवलं. हिनं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कवळीचीही नोंद करून ठेवा."

कवळीची केली नाही. पण एक राहिलं होतं, ते शेवटी लिहिलं: "पुढच्या शिडाची दोरी धरणारा माणूस. बदलला."